मेक्सिकन सिनेमातली माणसं दाराबाहेर का पडत नाहीत?

प्रश्न असा आहे: अल्फोन्सो क्वारोनचा 'रोमा' आणि लुईस बुन्युएलचा 'द एक्स्टर्मिनेटिंग एंजल' लागोपाठ पाहिले, मग 'पेद्रो पारामो' वाचली. तिन्हींत माणसं कुठल्या ना कुठल्या जागेत अडकलेली. मेक्सिकोच्या सिनेमात आणि कथा-कादंबऱ्यांत हे इतकं का येतं? त्याचा मेक्सिकन असण्याशी खरंच काही संबंध आहे, की समीक्षकांनी लावलेला हा बादरायण संबंध आहे? आणि याच वाटेने पुढे जायचं तर काय पाहावं, काय वाचावं?

चित्रपट-रसास्वादाच्या वर्गात हा प्रश्न मला दरवेळी कुणीतरी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. संबंध आहे. पण जो सगळीकडे सांगितला जातो तो नव्हे. 'मेक्सिकन माणूस मुळात एकलकोंडा, मुखवट्याआड राहणारा, म्हणून त्याची कलाही बंद खोल्यांची' हे उत्तर पाठ करून ठेवल्यासारखं ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. या कलाकृती नीट पाहिल्या तर भिंत कुणी बांधली, किल्ली कुणाच्या खिशात आहे आणि आत-बाहेर करायची मुभा कुणाला आहे, हे त्यात अगदी उघड दाखवलेलं असतं. माणसाच्या स्वभावावर बोट ठेवलं की घराच्या मालकाकडे बघायची गरज उरत नाही, आणि माझ्या मते त्या उत्तराच्या लोकप्रियतेचं तेच कारण आहे.

गंमत अशी की मेक्सिकन सिनेमाची जगाला पहिली ओळख झाली ती मोकळ्या आकाशामुळे. दिग्दर्शक एमिलियो फर्नांदेझ आणि छायालेखक गाब्रिएल फिगेरोआ या जोडीने १९४०च्या दशकात मेक्सिको 'दिसतो कसा' हे ठरवूनच टाकलं. कॅमेरा खाली, क्षितिज चौकटीच्या तळाशी, वर ढगांनी भरलेलं प्रचंड आकाश, पुढे घायपातीसारख्या 'मागे' (maguey) या वनस्पतीची टोकदार झुडपं आणि त्यांच्यामध्ये शाल गुंडाळलेली बाई. त्यांच्या 'मारिया कांदेलारिया'ला १९४६ साली कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कारांपैकी एक मिळाला आणि ती चौकट देशाचा अधिकृत चेहरा झाली. १९१०च्या क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्यांना असा चेहरा हवाच होता. एकच पक्ष नावं बदलत १९२९ ते २००० सत्तेत राहिला, आणि 'हा देश म्हणजे ही माती, हे शेत, हा मूळनिवासी चेहरा' असं त्याला सतत सांगायचं होतं. सरकारी इमारतींच्या भिंतींवर दिएगो रिव्हेरा तेच रंगवत होता. (त्यातल्या एका भित्तिचित्रात आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही आहेत. गदर चळवळीतून परागंदा झालेले खानखोजे तिथे चापिंगोच्या कृषिशाळेत शिकवत होते.)

पण 'मारिया कांदेलारिया' आज पाहा आणि आकाशावरून नजर थोडी खाली आणा. नायिका सोचिमिल्कोच्या कालव्यांमध्ये राहते, फुलं विकते, आणि गाव तिला फुलं विकू देत नाही. ती एका कोपऱ्यात टाकलेली आहे आणि शेवटी त्याच निसर्गरम्य गावात तिला दगडांनी मारलं जातं. क्षितिजापर्यंत सगळं मोकळं, आणि तिला जायला जागा नाही. फर्नांदेझला हे म्हणायचं होतं की नाही यावर वाद घालता येईल. चित्रपटात ते आहे.

हेच जाणूनबुजून केलं हुआन रुल्फोने. 'पेद्रो पारामो'च्या आधी त्याच्या कथा वाचायला हव्या होत्या असं मी म्हणेन, विशेषतः सरकारने वाटलेल्या जमिनीची कथा. काही शेतकरी पहाटेपासून एका माळावरून चालत आहेत. निघाले तेव्हा बरेच होते, आता चौघे उरलेत. ढग येतो, पावसाचा एकच थेंब पडतो, जमीन तो गिळून टाकते. ही जमीन त्यांना क्रांतीने दिली आहे. हातातल्या बंदुका आणि बसायचे घोडे आधीच काढून घेतले आहेत. आम्हाला हा माळ नको, नदीकाठची जमीन हवी, असं ते अधिकाऱ्याला सांगतात, तर तो म्हणतो, तक्रार लेखी द्या. आणि भांडायचं तर जमीनदारीशी भांडा, जमीन देणाऱ्या सरकारशी नव्हे. कथेत भिंत कुठेच नाही. माळ जितका मोठा तितकी कोंडी मोठी. फिगेरोआच्या आकाशाला दिलेलं याहून तिखट उत्तर मला माहीत नाही.

'पेद्रो पारामो' (१९५५) हे त्याचंच पुढचं पाऊल. बापाला शोधत कोमाला गावात आलेला हुआन प्रेसियादो पुस्तकाच्या मध्यावर मरतो, आणि तेव्हा लक्षात येतं की तोवरची गोष्ट तो आपल्याला सांगतच नव्हता. थडग्यात शेजारी पुरलेल्या दोरोतेआला सांगत होता. म्हणजे ज्याला आपण 'प्रवासाची सुरुवात' समजलो ती पहिली ओळसुद्धा जमिनीखालून आलेली. अख्खं गाव एका माणसाच्या मालकीचं, आणि त्या माणसाने हाताची घडी घालून बसायचं ठरवल्यावर गाव उपाशी मेलं. इथे कोंडीचं कारण अगदी सातबाऱ्यावर लिहिल्यासारखं स्पष्ट आहे. तरी लोक या कादंबरीत 'मृत्यूविषयीची मेक्सिकन ओढ' शोधत बसतात.

त्या 'ओढी'चा आणि 'एकलकोंडेपणा'चा उगम बहुतेक वेळा मेक्सिकन कवी ओक्ताव्हियो पाझच्या १९५०च्या गाजलेल्या निबंधग्रंथात असतो. एकाकीपणाला त्याने चक्रव्यूहाची उपमा दिली. मेक्सिकन माणूस स्वतःभोवती तट उभारतो, कुणापुढे 'उघडं पडणं' त्याला हार वाटते, असं मांडलं. गद्य अप्रतिम आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र योगायोग बघा: त्याच १९५० साली मेक्सिको सिटीत बुन्युएलने 'लोस ओल्विदादोस' केला, आणि त्यात त्याच गोष्टीचं वेगळं उत्तर आहे. झोपडपट्टीतला पेद्रो सुधारगृहात पाठवला जातो. तिथला संचालक भला माणूस आहे. या पोरांऐवजी दारिद्र्यालाच कोंडून ठेवता आलं असतं तर, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलतो. विश्वास दाखवायला तो पेद्रोच्या हातात पन्नास पेसो देतो, सिगारेटी आणायला सांगतो आणि फाटक उघडून त्याला बाहेर सोडतो. पोरगं आनंदाने धावत सुटतं. फाटकाबाहेर वस्तीतला गुंड पोरगा हाइबो उभाच असतो. तो पैसे हिसकावतो, आणि तिथून पेद्रो परत येऊ शकत नाही. सुधारगृहाचं दार उघडं होतं. बंद होतं ते शहर. पेद्रोने स्वतःभोवती कसलाही तट उभारला नव्हता.

मेक्सिकोत चित्रपटावर गहजब झाला, तो थोड्याच दिवसांत थिएटरांतून उतरवला गेला. १९५१ साली कानमध्ये बुन्युएलला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाल्यावर मेक्सिकोतला सूर बदलला. आणि कानमध्ये या चित्रपटाची बाजू लेख लिहून, स्वतः वाटून लढवली ती पाझनेच. म्हणून मी पाझला खलनायक करत नाही. त्याच्या पुस्तकातली एक उपमा लोकांनी पुढे सिद्धांत म्हणून वापरली, तक्रार तिच्याबद्दल आहे.

आता 'द एक्स्टर्मिनेटिंग एंजल' (१९६२). ऑपेरा पाहून आलेली उच्चभ्रू मंडळी नोबिले यांच्या वाड्यावर जेवायला येतात आणि जेवणानंतर दिवाणखान्यातून बाहेर पडूच शकत नाहीत. दाराला कुलूप नाही, दाराला दारही नाही म्हणा, नुसता उंबरठा आहे. दिवस जातात, भिंत फोडून पाण्याचा नळ शोधला जातो, कपाटांचा शौचालयासारखा वापर होतो, मेंढ्या कापून खाल्ल्या जातात. बहुतेक प्रेक्षक या प्रसंगांत रमतात आणि पहिली दहा मिनिटं विसरतात. पहिल्या दहा मिनिटांत घडतं काय? पाहुणे यायच्या वेळी नोकर-चाकर, आचारी एकेक करून घराबाहेर पडतात. का, हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. नोकरी जाईल हे ठाऊक असूनही ते थांबत नाहीत. मागे राहतो एकटा बटलर हुलिओ, आणि त्या खोलीत काही घेऊन गेल्यावर तोही अडकतो. उंबरठा ओलांडणं हे नोकरांचं काम होतं. ताटं आणणारे, कोट धरणारे, दार उघडणारे निघून गेल्यावर मालकांना दारातून जाताच येत नाही. चित्रपटाला एकच अर्थ चिकटवणं बुन्युएलला आवडलं नसतं, पण वर्गात मी हा भाग दोनदा दाखवतो. (पाहुणे घरात शिरण्याचा प्रसंग खुद्द चित्रपटातही दोनदा आहे, ती तुमच्या प्रतीतली चूक नाही.)

यात 'मेक्सिकन' काय, असाही आक्षेप येतो, आणि तो घेणाऱ्यांत बुन्युएल स्वतः पहिला. आत्मचरित्रात त्याने हळहळ व्यक्त केली आहे की हा चित्रपट पॅरिस किंवा लंडनमध्ये, युरोपीय नटांना घेऊन, खऱ्या श्रीमंती थाटात करायला हवा होता. जेवणाच्या टेबलावर दाखवण्याजोगा चांगला रुमालसुद्धा एकच होता, तोही मेकअप करणाऱ्या बाईकडून उसना घेतलेला. मला वाटतं इथे दिग्दर्शक चुकतोय. तो उसना रुमालच चित्रपटाला मेक्सिकोत पक्का बसवतो. युरोपची नक्कल करत जगणारा, तरी नोकरांशिवाय पाऊल न टाकू शकणारा हा वर्ग आहे, आणि त्याचा थाट थोडा अपुरा दिसणं हेच खरं आहे.

त्या बटलरचं काम करणारा नट क्लाउदिओ ब्रूक. नाव लक्षात ठेवा, कारण दहाएक वर्षांनी तोच नट किल्ली हातात घेऊन परत येतो. आर्तुरो रिपस्टाइनचा 'एल कास्तियो दे ला पुरेसा', म्हणजे पावित्र्याचा किल्ला, १९७३ साली पडद्यावर आला. पटकथा रिपस्टाइन आणि होसे एमिलियो पाचेको या कवी-कथाकाराची. मेक्सिको सिटीत १९५०च्या दशकात खरोखर एका माणसाने आपलं कुटुंब वर्षानुवर्षं घरात कोंडून ठेवलं होतं. त्या प्रकरणावर हा बेतलेला आहे. 'कोंडी आणि राष्ट्र' या विषयावर एकच चित्रपट पाहायचा असेल तर मी हा सांगेन, 'रोमा'च्याही आधी.

गाब्रिएल लिमा बायको-मुलांना अठरा वर्षं घरात ठेवतो. बाहेरचं जग घाणेरडं आहे, ते मुलांना बिघडवेल, म्हणून. मुलांची नावं आहेत भविष्य, आदर्शलोक आणि इच्छाशक्ती, स्पॅनिशमध्ये अर्थातच. अशी नावं मुलांना कोण ठेवतं? जाहीरनामे लिहिणारे. घरात शाकाहार, कवायत, थोरांची वचनं आणि शिस्त मोडली की तळघरातली कोठडी. कुटुंबाचा उद्योग म्हणजे उंदरांचं विष बनवणं. मुलं भुकटी मोजतात, पुड्या बांधतात, आणि बाप एकटा त्या विकायला बाहेर जातो. बाहेर तो वेश्येकडेही जातो. पावित्र्याचा नियम फक्त आतल्यांना. घराच्या मधल्या चौकात पाऊस अखंड पडत असतो, आणि कॅमेरा त्या चौकाभोवती असा फिरतो की दर खोलीतून चौक दिसतो, रस्ता दिसत नाही. चौसोपी घर स्पॅनिश वसाहतीपासूनचं मेक्सिकोचं नेहमीचं घर. रिपस्टाइनने त्यात फारसा बदल न करता त्याचा तुरुंग केला.

आता वर्ष पाहा. १९६८ आणि १९७१ साली मेक्सिको सिटीत आंदोलक विद्यार्थ्यांवर सरकारच्या माणसांनी गोळ्या झाडल्या होत्या. तुमचं भलं मला कळतं, बाहेरच्या विचारांपासून तुम्हाला वाचवतोय, असं म्हणणारा बाप त्या प्रेक्षकाला ओळखू आला नसेल, हे शक्यच नाही. तरी चित्रपट कुठेही 'हे सरकार आहे' असं बोट दाखवत नाही, आणि गंमत म्हणजे त्या काळी सिनेमाला पैसा मुख्यतः सरकारकडूनच येत होता. शेवटी पोलीस येतात, बापाला नेतात. आई आणि मुलं मोकळी होतात आणि चालत परत त्याच घरी येतात. वर्गात इथे नेहमी शांतता पसरते, मग कुणीतरी चिडून विचारतं, 'परत का गेले?' मी उलट विचारतो, कुठे जायला हवं होतं? त्यांना दुसरा पत्ता कुणी दिलाच नव्हता.

(फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँवरच्या पाझच्या १९६८ सालच्या पुस्तकाच्या शीर्षकातही 'पावित्र्याचा किल्ला' हेच शब्द होते. मेक्सिकोत कुठूनही निघालात तरी पाझ वाटेत भेटतोच.)

बायकांनी लिहिलेल्या कथांकडे वळलं की कोंडीचा हिशेबच बदलतो. आम्पारो दाविलाची पाहुण्याविषयीची कथा (१९५९) जेमतेम काही पानांची आहे. नवरा एक दिवस घरी कुणालातरी आणतो आणि 'हा इथे राहील' म्हणून सांगतो. तो कोण, माणूस की जनावर, हे शेवटपर्यंत कळत नाही. तो रात्री बायकोच्या उशाशी येऊन उभा राहतो, मोलकरणीच्या लहान पोरावर हल्ला करतो. नवरा म्हणतो, तुझ्या मनाचे खेळ आहेत. बायको आणि तिची मोलकरीण ग्वादालुपे वाट पाहतात. नवरा कामासाठी परगावी जातो, तशा दोघी लाकडं कापतात, फळ्या तयार करतात आणि पाहुणा दुपारी झोपलेला असताना त्याच्या खोलीचं दार बाहेरून खिळे ठोकून बंद करतात. आतून धडका, नखांचे ओरखडे, ओरडणं. अन्न नाही, पाणी नाही. तो जवळजवळ दोन आठवडे टिकतो. नवरा परतल्यावर त्याला सांगतात, अचानक गेला. संपली कथा. बाईला घर सोडून जाता येत नाही, म्हणून ती घरातल्या घरात भिंत सरकवते. मालकीण आणि मोलकरीण यांच्यातली दरी त्या फळ्या ठोकण्यापुरती मिटते. ती पुढेही मिटलेली राहिली असेल का, याची मला शंका आहे.

एलेना गार्रोची १९६४ची एक कथा याच्या शेजारी ठेवा. लाउरा नावाची सुखवस्तू बाई रक्ताने माखलेल्या पांढऱ्या कपड्यात स्वयंपाकघराच्या दारात येते आणि स्वयंपाकीण नाचाला सांगते की तिची भेट तिच्या आधीच्या, स्पॅनिशांशी लढणाऱ्या नवऱ्याशी झाली. म्हणजे १५२१ सालातल्या. दिवाणखान्यात हे बोलता येत नाही. तिथे आजचा नवरा आणि सासू आहेत, आणि राष्ट्राध्यक्षांच्या गप्पा चालतात. देशाचा पराभव आठवायला घरातली एकच जागा उरते, ती म्हणजे रात्रीचं स्वयंपाकघर. कार्लोस फुएन्तेसने 'आउरा'त (१९६२) तोच खेळ शहराच्या जुन्या भागातल्या दोन्सेलेस रस्त्यावरच्या अंधाऱ्या घरात मांडला: तरुण इतिहासकार जाहिरात वाचून कामाला येतो आणि एका मेलेल्या जनरलचे कागद नीट करता करता स्वतःच तो जनरल होतो. सुंदर कादंबरिका आहे, मात्र गार्रोची कथा मला जास्त धाडसी वाटते. फुएन्तेसचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं आणि गार्रोची ओळख अजूनही 'पाझची पहिली बायको' अशी करून दिली जाते, याचा राग येतो.

आता खऱ्या तुरुंगाबद्दल. होसे रेव्हुएल्तास हा आयुष्यभर कम्युनिस्ट, आणि पक्षाशीही आयुष्यभर भांडलेला. पोरवयात त्याला प्रशांत महासागरातल्या इस्लास मारियास या तुरुंग-बेटांवर पाठवलं होतं. त्यावरच्या पहिल्या कादंबरीचं नाव त्याने पाण्याच्या भिंती असं ठेवलं. १९६८च्या आंदोलनानंतर त्याला मेक्सिको सिटीच्या लेकुम्बेरी तुरुंगात टाकलं, आणि १९६९ साली तिथेच त्याने 'एल आपांदो' लिहिली. आपांदो म्हणजे शिक्षेची अंधारकोठडी. तीन कैदी तीत आहेत. दाराला एक छोटी झडप. तीतून एका वेळी एकाचंच डोकं बाहेर निघतं, तेही आडवं, एका डोळ्याने बघता येईल असं. रेव्हुएल्तास लिहितो की ते डोकं बायबलमधल्या सालोमेच्या तबकातल्या मुंडक्यासारखं दिसतं, जत्रेतल्या बोलणाऱ्या मुंडक्यासारखं. पण कादंबरी त्यांच्यापासून सुरूच होत नाही. सुरू होते पहारेकऱ्यांपासून. येरझाऱ्या घालणारे पहारेकरी हीच पिंजऱ्यातली माकडं आहेत, ड्युटी संपली तरी पिंजरा सोबत घेऊन घरी जाणारी. शेवटी कैद्यांना आवरायला लोखंडी नळ्या गजांमधून आडव्या-उभ्या घुसवल्या जातात, एकेक करून, माणसं नळ्यांच्या जाळ्यात जागच्या जागी अडकेपर्यंत. सगळं एका सलग परिच्छेदात. फेलिपे कासाल्सने १९७६ साली त्यावर चित्रपट केला. चांगला आहे, मात्र नळ्यांचा तो प्रसंग मला वाचतानाच जास्त गुदमरवणारा वाटतो.

लेकुम्बेरी १९०० साली उघडला, मधल्या मनोऱ्यावरून सगळ्या ओळींवर नजर ठेवता येईल अशा चाकाच्या आराखड्यावर. १९७६ साली बंद झाला. आणि मग त्या इमारतीत काय आणलं? देशाचा राष्ट्रीय अभिलेखागार. गुप्त पोलिसांची कागदपत्रं २००२ साली अभ्यासकांना खुली झाली तीही तिथेच. एखाद्या कादंबरीकाराने हे रचलं असतं तर संपादकाने 'फारच ठरवून केल्यासारखं वाटतं' म्हणून काढायला लावलं असतं.

पण एकच जागा निवडायची तर मी तुरुंग निवडणार नाही, त्लातेलोल्को निवडेन. १३ ऑगस्ट १५२१ रोजी अझ्टेकांचा शेवटचा लढा इथे संपला. तिथल्या शिलालेखावर लिहिलंय की तो विजयही नव्हता आणि पराभवही नव्हता, आजचा मेक्सिको असलेल्या मिश्र समाजाचा तो वेदनामय जन्म होता. 'लोस ओल्विदादोस' काही प्रमाणात शेजारच्या नोनोआल्को भागात चित्रित झाला. पुढे त्या परिसरातल्या झोपड्या हटवून वास्तुविशारद मारिओ पानीचं भव्य गृहसंकुल उभं राहिलं, १९६४ साली. मध्यमवर्गाला उजेड, हवा, बगिचे. मधल्या चौकात अझ्टेक अवशेष, वसाहतकालीन चर्च आणि आधुनिक मनोरे एकत्र, म्हणून नाव तीन संस्कृतींचा चौक. सरकारला जो देश दाखवायचा होता त्याचं हे जणू प्रदर्शनच. आणि २ ऑक्टोबर १९६८ला, ऑलिम्पिकला दहा दिवस उरले असताना, त्याच चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. पाझ तेव्हा दिल्लीत राजदूत होता. त्याने पद सोडलं, आणि १९७०च्या पुस्तकात स्वतःच्या जुन्या मांडणीला पुरवणी जोडली: मुखवट्यामागे त्याला आता पिरॅमिड दिसत होता, बळी मागणाऱ्या सत्तेचा. माझ्या मते पाझ वाचायचा तर ही पुरवणी वगळून वाचू नये.

होर्हे फोन्सने 'रोहो आमानेसेर' हा त्या दिवसावरचा चित्रपट १९८९ साली केला. चौकातला गोळीबार एकदाही दाखवला नाही. अख्खा चित्रपट चौकालगतच्या चिवावा इमारतीतल्या एका फ्लॅटमध्ये, पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत. एका गोदामात सेट लावून, गाजावाजा न करता चित्रण उरकलं. प्रदर्शनाआधी कात्री लागली ती लागलीच. घरात क्रांतीत लढलेले आजोबा, सरकारी कचेरीत काम करणारे वडील, आंदोलनातली मोठी मुलं. वडील आणि मुलं सकाळी वाद घालतात, संध्याकाळी वीज-फोन बंद होतात, जखमी विद्यार्थी आत घेतले जातात आणि न्हाणीघरात लपवले जातात. आपण फक्त ऐकतो: हेलिकॉप्टर, गोळ्या, जिन्यावरचे बूट. बजेट नव्हतं म्हणून असं केलं असेलही, परंतु त्यामुळे बाहेरचा देश आवाजाने आत शिरतो. साध्या कपड्यातले लोक दार फोडतात तेव्हा आजोबांचा गणवेश आणि वडिलांची सरकारी नोकरी, दोन्ही कुचकामी ठरतात. पलंगाखाली लपलेला धाकटा तेवढा वाचतो.

त्याच संकुलातली एक मोठी इमारत १९ सप्टेंबर १९८५च्या भूकंपात कोसळली. आणि २००४ साली फर्नांदो आइम्बकेने तिथेच 'तेम्पोरादा दे पातोस' केला: रविवार, आई घरी नाही, दोन पोरं, वीज गेलेली, पिझ्झा उशिरा आणला म्हणून पैसे द्यायला नकार आणि पैसे घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणून बसलेला पिझ्झावाला. कृष्णधवल, हलकाफुलका, खूप हसवणारा. इतिहासाचा उल्लेखही नाही. 'रोहो आमानेसेर' पाहून लगेच हा पाहिला तर मात्र वीज जाते तेव्हा पोटात गोळा येतो. निदान माझ्या येतो.

'रोमा'बद्दल (२०१८) थोडक्यात, कारण तो तुम्ही पाहिलाय. परत पाहाल तेव्हा गाडीकडे लक्ष ठेवा. घराच्या बोळात फोर्ड गॅलक्सी जेमतेम मावते; डॉक्टरसाहेब ती इंच इंच सरकवत आत घेतात, नवरा सोडून गेल्यावर बाई ती भिंतींना घासत आत घुसवतात. घर पुरुषाच्या मापाने बांधलेलं, आणि त्यालाच ते अपुरं. घरची मोलकरीण क्लेओ मात्र सगळीकडे जाते: खोल्या, बोळ, गच्चीवरच्या धुण्याच्या दोऱ्या. या घरात कुठे जायला तिला बंदी नाही. तिचं असं काहीच नाही, एवढंच. तिच्या खोलीत रात्री दिवासुद्धा जाळायचा नाही, आजीबाईंना वीज वाया गेलेली खपत नाही. १० जून १९७१चं हत्याकांड ती फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून बघते, बाळासाठी पाळणा घ्यायला आलेली असताना. बुन्युएलच्या चित्रपटात पहिल्या दहा मिनिटांत घराबाहेर गेलेल्या त्या नोकराणीचा चित्रपट पाहायला मेक्सिकन सिनेमाला अर्धशतकाहून जास्त काळ थांबावं लागलं. काहींना 'रोमा' मालकाच्या मुलाने, म्हणजे क्वारोनने, उतराई होण्यासाठी केलेला वाटतो. तो तसा आहेच. म्हणून तो खोटा ठरत नाही.

गेल्या वीस वर्षांत किल्लीवाले बदलले. रोद्रिगो प्लाच्या 'ला सोना'त (२००७) श्रीमंतांनीच स्वतःला भिंतीआड घातलंय, कॅमेरे आणि खासगी पहारेकऱ्यांसह. वादळात जाहिरातीचा फलक भिंतीवर कोसळतो, त्यावरून वस्तीतली पोरं आत येतात, आणि मग आतले सभ्य शेजारी शिकारी होतात. तातियाना उएसोच्या 'नोचे दे फुएगो'त (२०२१) डोंगरातल्या गावात आया अंगणात खड्डे खणतात, मुलींना लपवायला. टोळ्यांच्या गाड्या आल्या की मुलगी खड्ड्यात आडवी होते, वर पालापाचोळा. कोंडणं हे इथे आईचं शेवटचं हत्यार आहे. पाझच्या स्वभाव-सिद्धांतात हा खड्डा कुठे बसवायचा, हे मला कुणीतरी सांगावं.

पुढची वाट. चित्रपटांत आधी 'एल कास्तियो', मग 'रोहो आमानेसेर' आणि 'तेम्पोरादा दे पातोस' जोडीने, आणि 'नोचे दे फुएगो' वेगळ्या दिवशी. 'पेद्रो पारामो'वरचा २०२४चा रोद्रिगो प्रिएतोचा चित्रपट घाईने पाहू नका. चेहरे दिसले की कोण जिवंत आणि कोण मेलेलं हा संभ्रम संपतो, आणि पुस्तकाची निम्मी मजा त्यातच आहे. वाचनात रुल्फोच्या कथा, दाविला, गार्रो. इंग्रजी अनुवाद सहज मिळतात. फर्नांदा मेल्चोरची २०१७ची 'तेम्पोरादा दे उराकानेस' सोफी ह्यूजच्या अनुवादात वाचा. तिच्यात एकेक प्रकरण एकेका परिच्छेदाचं आहे, आणि तशा लेखनाचा दम कुठून येतो हे पाहायचं तर त्याआधी 'एल आपांदो'. ती लहान आहे, पण सलग दोन-तीन तास मोकळे असतील तेव्हाच उघडा. मध्ये खूण घालून ठेवायला परिच्छेदच नाही.